धाव

संध्याकाळी बागेतून घरी आलो की गाडी खळ्यात उभी करतो, पडवीतला बसका पाट घेतो आणि मागच्या डाव्या चाकाशी जाऊन बसतो. हातात टोक झिजलेला एक जुना स्क्रूड्रायव्हर असतो. टायरच्या खाचांत रुतून बसलेले खडे एकेक करून उपसायचे, एवढंच काम. खडा सुटतो तेव्हा ‘टक्’ असा बारीक आवाज होतो आणि तो खळ्यावर घरंगळत जातो. अर्ध्या तासात बाजूला लहानसा ढीग होतो. काळी, धारदार कपची निघाली तर ती हायवेच्या खडीची. तांबडी, मसुरीएवढी कणी म्हणजे आमच्या वाटेवरचा जांभा. गुळगुळीत पांढरट गोटी निघाली तर ती व्हाळातली, ओढ्यातली. कधी करवंटीचा तुकडा, कधी सुपारीच्या सालाची शीर. एकदा तर अख्खी काजूबी निघाली. दोन खाचांच्या मध्ये ती इतकी नेमकी बसली होती की पाऊस पडता तर तिथेच रुजली असती.

हे काम मला कुणी लावून दिलेलं नाही. खडा तसाच राहिला तर टोचत टोचत आत जातो हे खरं. पण मी बसतो ते त्यासाठी नव्हे. दिवसभर ज्या वाटेनं गेलो तिला असं बोटांनी चाचपून पाहताना मन निवतं. दिवस मावळत असतो, गोठ्याकडून धूर येत असतो, इंजिन थंड होताना मधूनच कुठेतरी टिकटिक वाजतं. मग मी पुढच्या चाकाकडे सरकतो.

गाडी म्हणजे महिंद्राची डबल केबिन पिकअप, बोलेरो कॅम्पर. पुढे माणसं, मागे हौदा. गरज पडली तर चारही चाकांना जोर देणारी. राहायला मी सावंतवाडीत. बाग दोडामार्ग तालुक्यात, तिळारीच्या खोऱ्यात. बांद्यावरून दोडामार्ग, दोडामार्गावरून साटेली-भेडशी आणि तिथून आत. पन्नासेक किलोमीटर डांबरी रस्ता आहे आणि अगदी शेवटी, व्हाळ ओलांडून बागेच्या फाटकापर्यंत, आमच्या बेड्यापर्यंत, तीनशे मीटर कच्ची वाट. पन्नास हजार मीटर आणि तीनशे मीटर. टायर कोणता घ्यावा हा प्रश्न माझ्यापुढे आला तो या दोन आकड्यांच्या मध्ये उभा राहून.

दोन वर्षांपूर्वीचा जुलै. वेंगुर्ल्याहून काजूची तीनशे कलमं आणली होती, थोडी वेंगुर्ला-४, बाकी वेंगुर्ला-७. एकेक पिशवी दोन-अडीच किलोची. हौदा हिरवागार भरला होता, वरून ताडपत्री. आठवडाभर झोडपणारा पाऊस त्या सकाळी जरा थांबला होता, म्हणून निघालो. डांबर संपेपर्यंत काही कळलंसुद्धा नाही. व्हाळ ओलांडला आणि चढाला लागलो, तर तिसऱ्या वळणावर चाकं जागच्या जागी फिरू लागली. गाडीला तेव्हा तिच्याबरोबर आलेलेच टायर होते, रेघांचे, डांबरावर लोण्यासारखे चालणारे, आणि निम्म्याहून जास्त झिजलेले. रेघांमध्ये तांबडा चिखल दाबून भरला आणि टायर कुंभाराच्या चाकावरच्या मडक्यासारखा गुळगुळीत झाला. चारही चाकांना जोर दिला. त्यानं एवढंच झालं की आधी दोन चाकं फिरत होती, आता चारही फिरू लागली. जोर होता, पकड नव्हती. मग गाडी अगदी सावकाश, एखादं जनावर झोपेत कूस बदलतं तशी, तिरकी होत व्हाळाकडे सरकली आणि एका आइनाच्या बुंध्याला टेकून थांबली.

वाडीतल्या सात जणी आल्या. डोक्यावर प्लॅस्टिकच्या खोळी, हातात हेडग्या, म्हणजे टोपल्या. कुणी बोलावलं होतं असंही नाही. इंजिनचा आवाज ऐकून त्यांना कळलं होतं. एकेकीनं सात-आठ पिशव्या हेडगीत उभ्या लावल्या, चुंबळ सारखी केली आणि चढ चढायला लागल्या. ज्या चिखलात माझी गाडी तरली नव्हती त्यात त्यांची अनवाणी पावलं बोटं पसरून, टाच रोवून, एकही पिशवी कलू न देता वर जात होती. सहा खेपा झाल्या. पाऊस परत आला. सगळ्यात वयस्क बाई शेवटची हेडगी उतरवताना हसत म्हणाली, “गाडयेन हात टेकल्यान मां? मगे डोक्यारच येतला!”

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. मी मजुरी दिली, चहा झाला, कलमं लागली, त्यातली बहुतेक जगलीसुद्धा. पण ते वाक्य मला पुसता आलं नाही. चाकाला जे जमत नाही ते कुणाच्या तरी डोक्यावर येतं. आमच्या या खोऱ्यात रस्ते होण्याआधी सगळंच डोक्यावरून येत होतं: मीठ, कौलं, भाताच्या मुड्या. आजारी माणूस डोलीतून, चौघांच्या खांद्यांवरून. आता पन्नास किलोमीटर डांबर झालं, तीनशे मीटर उरले. त्या तीनशे मीटरांचं ओझं अजून त्या सात जणींच्या मानेवर होतं, आणि ते तिथे राहिलं होतं ते माझ्या टायरांमुळे.

पाऊस ओसरल्यावर सावंतवाडीतल्या टायरवाल्या काकांकडे गेलो. दुकान जुनं, दारात टायरांच्या उतरंडी, आत नव्या रबराचा उग्र वास. नवा टायर हातानं चाचपला की त्याच्या अंगावरची बारीक रबरी केसं बोटांना लागतात. साच्यात रबर दाबलं जाताना हवा बाहेर पडायला जी भोकं ठेवलेली असतात, त्यांतून ती उगवलेली असतात. पहिल्या काही दिवसांत रस्ता ती खाऊन टाकतो. मला ती केसं फार आवडतात. तान्ह्या वासराच्या अंगावरून हात फिरवावा तसं वाटतं.

“कसले टायर दाखवू?” वगैरे काही काकांनी विचारलं नाही. ते म्हणाले, “गाडी खंय अडकता ता सांग आदी. खंय धावता ता मगे.”

मी सांगितलं. त्यांनी तीन टायर काढून माझ्यापुढे उभे केले. एचटी, एटी आणि एमटी. दुकानांतून याच नावांनी मागतात. पहिला हायवेचा: सरळ रेघा, दाट नक्षी, ओल्या डांबराला चिकटून चालणारा, आवाज न करणारा. तिसरा निव्वळ चिखलाचा: अंगठ्याएवढे उंच, सुटे सुटे ठोकळे आणि मध्ये बोट बुडेल इतक्या रुंद खाचा. तो चिखल कापतो आणि फिरता फिरता अंगावरून फेकून देतो, पण डांबरावर आला की घुमतो, लवकर झिजतो आणि पावसात ब्रेक दाबल्यावर थोडा पुढे जाऊन थांबतो. मधला एटी, म्हणजे ऑल टेरेन. ठोकळे आहेत, पण एकमेकांना धरून. खाचा आहेत, पण मोजक्या. प्रत्येक ठोकळ्यावर पुन्हा बारीक चिरा, ओल्या रस्त्याला धरायला. खाचांच्या तळाशी ओळीनं छोटे उंचवटे होते. ते कशाला, असं विचारलं तर काका म्हणाले, खडा आत घट्ट बसू नये, परत बाहेर ढकलला जावा म्हणून. माझ्या संध्याकाळच्या कामाचा कुणीतरी आधीच विचार करून ठेवला होता.

मग त्यांनी टायरच्या कुशीवरची अक्षरं वाचून दाखवली. मी इतकी वर्षं गाडी चालवतो, पण ती ओळ कधी नीट वाचली नव्हती. २३५/७५ आर १५. टायरची रुंदी २३५ मिलिमीटर, कुशीची उंची त्याच्या ७५ टक्के, म्हणजे साधारण १७६ मिलिमीटर, आतली रिम १५ इंचांची. ‘आर’ म्हणजे रेडियल. पुढे १०५ एस. १०५ या आकड्याचा अर्थ एका टायरनं ९२५ किलो पेलायचं. एस म्हणजे ताशी १८० किलोमीटरपर्यंतचा वेग. आमच्या रस्त्यावर त्या वेगाचा काही संबंध नाही, पण ९२५ किलोंशी आहे. जरा खाली लंबगोल चौकटीत चार आकडे होते. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे, म्हणजे १४२३ लिहिलं असेल तर तो २०२३ च्या चौदाव्या आठवड्यात साच्यातून निघाला. “ह्यो आकडो बघल्याशिवाय टायर घेव नको,” काका म्हणाले. “पडान ऱ्हवलेलो टायर म्हातारो जाता.”

दुकानात त्या दिवशी एक तरुण मुलगाही आला होता. त्याच्याकडे नवी, उंच पिकअप होती आणि पुढच्या उन्हाळ्यात त्याला लडाखला जायचं होतं. तो टायरच्या कुशीवर एक खूण शोधत होता, तीन शिखरांचा डोंगर आणि त्याच्या पोटात हिमाचा कण. ही खूण असलेला टायर बर्फानं झाकलेल्या रस्त्यासाठी तपासलेला असतो. शेवटी एका टायरवर त्याला ती सापडली. त्यानं अंगठ्यानं तिच्यावरची धूळ पुसली आणि बराच वेळ पाहत राहिला. दारात पाऊस रिमझिमत होता, समोर मोती तलावाचं पाणी हिरवं झालं होतं. आपण अजून न पाहिलेल्या रस्त्यासाठी टायर निवडणं हेसुद्धा किती मोठं सुख आहे, असं मला त्याच्याकडे पाहताना वाटलं. माझा रस्ता मात्र मला पाठ होता. निदान मला तसं वाटत होतं.

मी त्या दिवशी टायर घेतले नाहीत. घरी आल्यावर बाबांना सांगितलं. बाबांचं वय ऐंशीच्या पुढे. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “म्हणजे धाव बदलायची झाली.”

हा शब्द मी कितीतरी वर्षांनी ऐकला. बैलगाडीच्या लाकडी चाकावर जो लोखंडी पट्टा चढवतात, त्याला आपल्याकडे धाव म्हणतात. तुंबा, आरे, पुठ्ठे आणि सर्वांत बाहेर धाव. बाबांच्या लहानपणी आजोबांची गाडी होती, आणि धाव बसवायचा दिवस म्हणजे मुलांना जत्रा. लोहार ती धाव मुद्दामच चाकापेक्षा किंचित तोकडी बनवायचा. शेणी रचून त्यात ती लालबुंद तापवायची. तापली की पसरायची. मग तिघा-चौघांनी सांडशीनं धरून ती चाकावर ठेवायची, घणानं बसवायची, आणि लाकूड पेट घेऊ लागलंच की घागरीनं पाणी ओतायचं. ‘चर्र’ होऊन वाफ उठायची. धाव आक्रसायची आणि आरे, पुठ्ठे, तुंबा, सगळे सांधे एकाच मिठीत आवळले जायचे. बाबा सांगताना दोन्ही हातांनी ती मिठी दाखवत होते.

इंग्रजी टायर आपल्या तोंडी इतका बसला की आपलाच शब्द घरात आहे हे मी विसरलो होतो. चाकाच्या ज्या भागाचा जमिनीशी संबंध येतो, त्याला आपल्या माणसांनी नाव दिलं ते धावण्याचं. आणि हाच शब्द आपण संकटात सापडलेल्याच्या तोंडी घातला. देवाचा धावा करतात, देव धाव घेतो. लोखंडी पट्टा, पळणं आणि मदतीला येणं, तिन्हींना एकच शब्द. आजोबांच्या गाडीची ती धाव चिखलात रुतायची नाही का, असं विचारलं तर बाबा म्हणाले, रुतायची की. अरुंद लोखंड, सुरीसारखं आत जायचं. मग माणसं चाकाला खांदा द्यायची. पुन्हा तेच. चाकाला जमेना की माणूस.

लोखंडाच्या जागी हवा भरलेलं रबर आलं तेही खराब वाटेमुळेच. १८८७-८८ च्या सुमाराला बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलॉप नावाच्या जनावरांच्या डॉक्टरनं आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलला हवा भरलेली रबरी नळी गुंडाळली. दगडी फरसबंदीवर मुलाला हादरे बसत होते, ते कमी व्हावेत म्हणून. रॉबर्ट थॉमसननं त्याच्याआधी चाळीसेक वर्षं अशा चाकाचं पेटंट घेतलं होतं, पण ते चाललं नाही. मला डनलॉपची गोष्ट भावते, कारण तिच्या मुळाशी वेगाची हौस नाही. एका बापानं मुलाचा रस्ता पाहिला होता.

आमच्या बागेच्या पलीकडच्या डोंगरउतारावर रबराची लागवड आहे. केरळातून आलेल्या कुटुंबांनी दोडामार्ग भागात गेल्या काही दशकांत ती केली. शेजारच्या मळ्याचे मालक, ज्यांना आम्ही सगळे चेट्टा म्हणतो, त्यांच्याकडे मी एकदा भल्या पहाटे गेलो होतो. कपाळाला बॅटरी बांधलेला माणूस एका झाडावरून दुसऱ्या झाडाकडे जात होता. वाकड्या पात्याच्या सुरीनं तो सालीवर डावीकडून उजवीकडे उतरता काप देत होता, जेमतेम कागदाइतका. आतल्या जिवंत थराला धक्का लावायचा नाही, नाहीतर झाड जखमी होतं. कापाच्या कडेला आधी पांढरे ठिपके उमटले, मग त्यांची रेघ झाली, मग ती रेघ उतरणीनं वाहत येऊन बांधलेल्या करवंटीत थेंब थेंब पडू लागली. अंधारात त्या थेंबांचा आवाज ऐकू येत होता. दूध जितकं पांढरं असतं तितकंच हे पांढरं.

ते दूध आम्ल घालून गोठवतात, रुळांतून पिळून त्याच्या लाद्या करतात, आणि धुराच्या खोलीत टांगून वाळवतात. मधाच्या रंगाची ती लादी चेट्टांनी माझ्या हातात दिली. तिच्यावर तिरप्या रेघा होत्या, रुळांनीच उमटवलेल्या. टायर व्हायच्या कितीतरी आधी रबराच्या अंगावर नक्षी आली होती. मग काळा रंग कुठून येतो, असं मी विचारलं. तो येतो काजळीचा. कार्बनची बारीक काजळी मिसळल्यावर रबर काळं होतं आणि झिजायला चिवट होतं. तिच्याशिवायचे पूर्वीचे टायर फिकट, पांढुरके असत. चार्ल्स गुडइयरनं १८३९ मध्ये गंधक आणि उष्णता यांनी रबराला टिकाऊपणा दिला, आणि काजळीनं त्याला दगडांशी झुंजायची ताकद दिली. चिकाच्या त्या थेंबांपासून माझ्या चाकापर्यंत इतकी आग, इतका धूर आहे.

हे झाड मूळचं ॲमेझॉनच्या खोऱ्यातलं. १८७६ मध्ये हेन्री विकहॅमनं तिथलं बियाणं लंडनच्या क्यू बागेत आणलं, तिथून रोपं सिलोनला गेली, आणि १९०२ मध्ये केरळात पेरियारच्या काठी थट्टेकाडला पहिला व्यापारी मळा उभा राहिला. तिथून सरकत सरकत ते आमच्या तिळारीपर्यंत आलं. त्याच्यासोबत एक दुखणंही आलं, ते सांगायला हवं. जिथे आज सरळ रांगांत रबर उभं आहे, तिथे पूर्वी किंजळ, आइन, जांभूळ, नाना वेली असलेलं रान होतं. सावंतवाडी आणि दोडामार्गामधला हा पट्टा रानटी जनावरांच्या येण्या-जाण्याचा मार्ग आहे. मी ज्या वस्तूवर बसून बागेत जातो तिची किंमत कुणीतरी रानाच्या रूपानंही मोजली आहे. म्हणून टायर घेतला की तो पुरता वापरावा, हवा नीट ठेवावी, उगाच झिजवू नये, एवढं तरी माझ्या हातात आहे. संध्याकाळी मी चाकाशी बसतो त्यात हेही थोडं असेल.

चेट्टांकडून परतताना एकदा वाटेवर हत्तीचं पाऊल दिसलं होतं. २००२ च्या सुमाराला कर्नाटकातून हत्ती आमच्या भागात उतरले, तेव्हापासून ते येत-जात असतात. केळी गेली, माड गेले, माणसंही भीतीत राहिली, तो सगळा इतिहास वेगळा. त्या दिवशी मी फक्त पाऊल पाहत होतो. माझ्याच टायरच्या पुसट रेघांवर ते उमटलं होतं, परातीएवढं गोल, आणि त्यात भेगांची जाळी अगदी स्पष्ट. इतकं वजनदार जनावर, पण ठसा उथळ. माझ्या चाकाची चाकोरी त्याच्यापेक्षा खोल होती. हत्तीच्या टाचेखाली मऊ गादी असते. वजन पडलं की पाऊल पसरतं, उचललं की आक्रसतं, म्हणून ते चिखलात अडकून बसत नाही. पुढे काकांनी मला चिखलात टायरची हवा थोडी कमी करायला सांगितली, तेव्हा मला ते पाऊल आठवलं. हवा कमी केली की टायर पसरतो, वजन जास्त जागेवर वाटलं जातं. डांबरावर परत येताच मात्र हवा भरायला विसरायचं नाही.

दिवाळीनंतर मी एक गोष्ट केली. डांबर संपतं तिथे गाडी ठेवली, चपला हौद्यात टाकल्या आणि ती तीनशे मीटर वाट पायी चाललो. इतक्या वर्षांत मी ती एकदाही पायी चाललो नव्हतो. पावलं मोजली, चारशे दहा भरली. पहिली नव्वद पावलं कातळासारख्या जांभ्यावरून. कोरडा असताना हा दगड पायाला खरबरीत लागतो, जणू कुणी धरून ठेवतंय. लॅटराइट हे त्याचं इंग्रजी नाव फ्रान्सिस बुकानननं १८०७ मध्ये दिलं, तेही केरळातच, लॅटिनमधल्या विटेच्या शब्दावरून, कारण ओला असताना तो विटेसारखा कापता येतो आणि वाऱ्यावर कठीण होतो. आमचे चिरे तेच सांगतात. पुढची एकशे चाळीस पावलं मातीची. दिवाळीनंतरसुद्धा झाडाखाली ती दमट होती आणि बोटांच्या बेचक्यांतून वर येत होती. मग तीस पावलं व्हाळाची, गोट्यांवरून, प्रत्येक गोटा पायाखाली थोडा हलणारा. आणि शेवटची दीडशे पावलं चढ, शेवाळानं काळपट झालेला. तिथे कडेला जांभ्याचा एक धारदार कोपरा बाहेर आला आहे. गाडीतून तो मला कधी दिसला नव्हता. माझ्या पिंढरीला तो घासला. टायरची कूस जिथे घासते, नेमकी ती उंची. कुशीला चीर गेली तर पंक्चर काढता येत नाही, टायर टाकावाच लागतो.

ज्या चढावर गाडी सरकली होती तिथे मी थांबलो. आइनाच्या सालीवर हौद्याच्या रंगाचा ओरखडा अजून होता. आणि मला त्या सात जणी कशा चालल्या ते समजलं. त्या वाटेच्या मधून चालल्या नव्हत्या. मधली माती गाड्यांनी दळून पिठासारखी केली होती. त्या कडेकडेनं, मुळांवर पाऊल टेकत गेल्या होत्या. मुळांवरचा तो झिजलेला भाग स्पष्ट दिसत होता. किती वर्षांची झीज ती!

मग मला निवड फार सोपी झाली. निव्वळ चिखलाचा टायर घेतला असता तर त्या दीडशे पावलांवर मी राजा झालो असतो, पण पन्नास किलोमीटर ओल्या डांबरावर, शाळेतून सुटलेल्या मुलांच्या बाजूनं, बांद्याच्या बाजारातून, मी तो ज्याला-त्याला धोका म्हणून फिरवला असता. रेघांचाच घेतला असता तर ओझं पुन्हा डोक्यावर गेलं असतं. मधला टायर कुठेच पहिला येत नाही. डांबरावर तो किंचित घुमतो, डिझेल थोडं जास्त खातो, चिखलात एमटीइतका बेदरकार नसतो. पण तो सगळीकडे पोचतो. पूर्वी मला असं मधलं काही निवडणं म्हणजे माघार वाटायची. त्या वाटेवर अनवाणी उभा असताना तसं वाटलं नाही. ज्याला दोन वेगळ्या रस्त्यांवरच्या माणसांची काळजी घ्यायची आहे, त्याला मधलाच टायर लागतो.

काकांकडून पाच एटी घेतले, स्टेपनी धरून. पाचवा घेताना हात आखडता घेऊ नको, असं ते म्हणाले, कारण कूस फाटली तर चढावर जुना टायर चढवून भागत नाही. त्यांनी मला आणखी एक सांगितलं: हौदा रिकामा असला की पिकअप मागून हलकी होते, पाटे कडक, चाक उसळतं, टायर कितीही चांगला असला तरी धरत नाही. तेव्हापासून पावसाळ्यात मागच्या आसावर वाळूच्या दोन गोणी असतात. ओल्या डांबरावर मी पूर्वीपेक्षा हळू चालवतो. तिळारीच्या घाटात मागची गाडी हॉर्न देते, मी कडेला घेतो.

आणि धावेचं गाणं ऐकायची सवय झाली आहे. साठाच्या वेगाला एटी टायर एका सुरात घुमतात, लांबून येणाऱ्या मधमाश्यांसारखे. डांबर संपून माती लागली की तो सूर एकदम थांबतो. त्या शांततेत ठोकळे मातीत बसतानाचा दबका आवाज येतो, आणि मागे वळून पाहिलं तर चिखलाचे तुकडे सुटे होऊन उडताना दिसतात. खाचा मोकळ्या होतात, पुढची पकड मिळते.

त्या वाटेचा उपचार टायरवरच सोडून भागणार नव्हतं. मार्च महिन्यात वाडीतल्यांबरोबर चढाच्या वरच्या अंगाला चर काढला, पाणी बाजूला वळवलं, आणि तो जांभ्याचा कोपरा छिन्नीनं उडवला. वाट त्यामुळे डांबरी झाली नाही. चिखल आहेच, शेवाळ आहेच.

गेल्या जुलैत पुन्हा कलमं आणली, दोनशे. पाऊस तसाच होता. व्हाळापाशी थांबून चाकांची हवा थोडी कमी केली, चारही चाकांना जोर दिला, आणि दुसऱ्या गिअरमध्ये, पाय न हलवता, चढ चढलो. तिसऱ्या वळणावर गाडी एकदा थरथरली, हातभर बाजूला सरकली आणि मग तिनं धरलं. बेड्यापाशी त्या वयस्क बाई खोळ घेऊन उभ्या होत्या. त्यांनी हौद्यातल्या कलमांकडे पाहिलं, मग चाकाकडे पाहिलं. काही बोलल्या नाहीत. एक पिशवी उचलून शेंड्यावरचं पाणी झटकलं आणि खड्ड्याकडे चालू लागल्या.

तुम्हालाही कधी गाडीला नवे टायर घालायचे असतील, तर दुकानात जाण्याआधी एवढं करा. तुमच्या नेहमीच्या वाटेवरची सर्वांत वाईट तीनशे मीटर शोधा, चपला काढा आणि ती एकदा पायी चाला.